डाएट सोडा, अठरा महिने आणि मधला बिस्किटांचा पुडा

आधी ताऱ्यांचं उरकते. पाचापैकी तीन. एक तारा चवीसाठी कापलाय, दुसरा माझ्या स्वतःच्या वागण्यासाठी. दुसरा कापणं अन्यायाचं आहे हे कळतं, पण ती वस्तू माझ्या घरात आल्यावर जे झालं ते तिच्याच परीक्षणात लिहायला हवं ना?

मी हिशोबाचं काम करते. दिवसभर लोकांचे जमाखर्च जुळवायचे आणि दुपारी चार वाजता डोळे मिटायला लागले की थंड कोला. संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक. असे दोन कॅन रोज, कित्येक वर्षं. एक दिवस लेकीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवली, तीत 35 ग्रॅम साखर मोजली आणि ती वाटी माझ्यासमोर सरकवली. "आई, हे तुझ्या एका कॅनमधलं." 330 मिलीचा साधा कोला असतोच तेवढा, जवळपास नऊ चमचे. ती वाटी बघितल्यावर दुसऱ्या दिवसापासून डाएट सुरू केला.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. तीन वेगवेगळे पिऊन झाले आणि तिन्हींच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत कृत्रिम गोडव्यांची नावं तीच निघाली: अ‍ॅस्पार्टेम आणि अ‍ॅसेसल्फेम-के. दोन का घालतात ते पिऊन पिऊन कळलं. अ‍ॅसेसल्फेमचा गोडवा चटकन जिभेवर येतो आणि जाताना किंचित कडवट होतो. अ‍ॅस्पार्टेम उशिरा येतो आणि रेंगाळत बसतो. दोघांना एकत्र जुंपलं की एकाची खोड दुसरा झाकतो. तरीही साखरेचा पाक जो जाडसर स्पर्श देतो तो इथे नाही. घोट पातळ लागतो. बर्फासारखा गार असेल तर हे लक्षात येत नाही, पण निम्मा कॅन टेबलावर कोमट झाला की उरलेला मोरीत.

साठवणुकीचं एक सांगते, कारण यात माझे पैसे बुडालेत. मुदत संपत आलेले कॅन सवलतीत मिळाले म्हणून अख्खं खोकं उचललं आणि उन्हाच्या खिडकीखाली ठेवलं. महिन्याभरात गोडवा निम्म्यावर. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने तुटतं, मग गोड राहत नाही. दुकानदाराला बोलायची सोय नाही, तारीख वाचूनच घेतलं होतं. खिडकीही माझीच.

लेकीचा एक खेळ मात्र आवडला. पाण्याने भरलेल्या बादलीत दोन्ही कॅन सोडायचे. साखरेचा बुडतो, डाएटचा तरंगतो. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या दोनशेपट गोड, त्यामुळे ते चिमूटभरही लागत नाही आणि कॅन तेवढा हलका होतो. पाहुणे आले की हा प्रयोग व्हायचाच.

आता वजन. सुरुवातीला 78.4 किलो. माझा हिशोब असा होता: साखरेच्या एका कॅनचे साधारण 140 कॅलरी, दोनाचे 280. किलोभर चरबीमागे 7,700 धरतात. म्हणजे वर्षाला तेरा किलो कमी. हे कागदावर मांडलं तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण या हिशोबाने सहा वर्षांत मी वजनकाट्यावरून नाहीशीच झाले असते. शरीर असं सरळ रेषेत चालत नाही. वजन उतरलं की त्याची गरजही उतरते आणि उतरण थांबते. पण पहिल्या तीन महिन्यांनी 76.2 दिसल्यावर शंका कोण घेतं? मी कार्यालयात चौघींना डाएट सोड्यावर आणलं.

नवव्या महिन्यात काटा म्हणाला 79.1.

काटा बदलून पाहिला. फरशी सपाट आहे का तेही पाहिलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, डाएट सोड्यानंच वजन वाढतं, सिद्ध झालंय ते." वहिनी एवढ्या ठामपणे बोलल्या की मी दोन रविवार वाचण्यात घालवले.

वहिनी म्हणतात तसं दिसणारी माहिती आहे खरी. अमेरिकेत सॅन अँटोनिओमध्ये हजारो लोकांचा सात-आठ वर्षं पाठपुरावा झाला. 2008 मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: कृत्रिम गोडव्याची पेयं जितकी जास्त, तितकं वजन वाढण्याचं प्रमाण जास्त. पण डाएट सोडा पितं कोण? ज्याला वजनाची धास्ती आहे तो. आमच्या धंद्यात वसुली अधिकारी ज्या खात्यांवर नेमतात त्यातली बरीचशी पुढे बुडतात. म्हणून ती वसुली अधिकाऱ्याने बुडवली असं कोणी म्हणत नाही. खातं आधीच डळमळत होतं म्हणून तर तो तिथे आला. नुसतं बघून केलेल्या अभ्यासात ही गाठ सोडवणं फार अवघड जातं.

म्हणून मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले अभ्यास शोधले. नेदरलँड्समधला मला सगळ्यांत पटला. 641 मुलं, रोज 250 मिली पेय, काहींना साखरेचं, काहींना कृत्रिम गोडव्याचं, आणि कोणाला काय मिळतंय हे मुलांना माहीत नाही. अठरा महिन्यांनी साखरवाल्यांचं वजन सरासरी 7.37 किलोंनी वाढलं होतं, बिनसाखरवाल्यांचं 6.35 किलोंनी. वाढती मुलं, वजन वाढणारच, पण किलोभराचा फरक पडला. 2012 सालचा हा अभ्यास. म्हणजे साखरेच्या जागी डाएट आला तर वजन वाढत नाही, उलट थोडं वाचतं. वहिनी, हे तुमच्यासाठी.

पण साखरेशी तुलना ही सोपी परीक्षा. पाण्याशी तुलना केली की निकाल गमतीशीर होतात. अमेरिकेतल्या 303 जणांच्या एका अभ्यासात वर्षाअखेर डाएट पेयं पिणाऱ्यांनी सरासरी 6.21 किलो घटवले आणि पाणी पिणाऱ्यांनी 2.45. मी खूश. मग सवयीप्रमाणे पैसे कोणी दिले ते पाहिलं: अमेरिकन बेव्हरेज असोसिएशन. शीतपेयवाल्यांची संघटना! पैसे त्यांचे म्हणून आकडे खोटे, असं मी म्हणणार नाही, पण वाचताना पेन्सिल हातात घेतली. त्यातले सगळे लोक आधीपासून डाएट पेयांची सवय असलेले होते. म्हणजे पाण्याच्या गटाला वजनही कमी करायचं होतं आणि सवयही सोडायची होती. एका वेळी दोन लढाया. याच्या उलट, इराणमधल्या बायकांवर झालेल्या 2015 च्या अभ्यासात जेवणानंतर डाएट पेयाऐवजी पाणी पिणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, 7.6 किलोंच्या जागी 8.8. दोन्ही गट उतरलेच, हे विसरू नका.

आणि सगळे गोडवे एका माळेचे मणी नाहीत. 2019 मध्ये छापलेल्या बारा आठवड्यांच्या एका प्रयोगात लोकांना साखर, सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज वगैरे वेगवेगळी पेयं दिली. साखरवाल्यांचं वजन वाढलं यात नवल नाही, पण सॅकरिनवाल्यांचंही किलोभराहून जास्त वाढलं. सुक्रालोजवाल्यांचं नाही. तेव्हा 'स्वीटनर' असा एकच शब्द धरून बोलणाऱ्याला मी आता आधी विचारते, कोणतं?

आतड्यातल्या जिवाणूंवरचं वाचलं, उंदरांवरचंही वाचलं. 2022 च्या एका अभ्यासात 120 जणांना दोन आठवडे वेगवेगळे गोडवे दिले, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची पद्धत बदललेली दिसली. लक्ष ठेवण्यासारखं आहे. पण माझे 79.1 त्यातून आले असं मानायला मी तयार नव्हते, कारण तोपर्यंत मी स्वतःचं ऑडिट सुरू केलं होतं.

ऑडिट म्हणजे काय, तर तोंडात जाईल ते लिहायचं. तीन आठवडे. पहिल्याच आठवड्यात चोर सापडला. चार वाजता कॅन उघडायचा आणि शेजारी बिस्किटांचा पुडा. साखरेचा कोला प्यायचे तेव्हा पुडा नसायचा, कारण गोड पोटात गेलेलं असायचं आणि मनालाही ते माहीत असायचं. आता मनात आपोआप नोंद व्हायची: 140 जमा. मग चार बिस्किटं खर्ची टाकायला काय हरकत? रात्री पुन्हा 140 जमा, म्हणून वाढून घेताना एक डाव जास्त. 280 वाचवत होते आणि झोपेपर्यंत चारशेच्या आसपास उचलत होते. चक्क ओव्हरड्राफ्ट. दुसऱ्याच्या वहीत हे मला दोन मिनिटांत दिसलं असतं.

त्यातच संध्याकाळचा कॅन. कोल्यात कॅफीन असतं, डाएटमध्येही. सातला प्यायलेला कॅन बाराला जागं ठेवायचा आणि जागी असले की मी स्वयंपाकघरातच असायची.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका अशी शिफारस केली. बातम्यांचे मथळे वाचून वाटलं होतं, विष जाहीर झालं. मूळ मजकूर वेगळा आहे. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत वजन सरासरी 0.71 किलोंनी कमी झालेलं त्यांनाही दिसलं. लांबच्या मुदतीत फायदा टिकतो असा पुरावा मिळाला नाही, आणि नुसत्या पाहणीच्या अभ्यासांत उलट वाढीकडे कल दिसला. शिफारसही 'सशर्त' आहे, म्हणजे पुरावा पक्का नाही हे त्यांनीच लिहिलंय. 0.71 या आकड्यावर मी बराच वेळ थांबले. त्या कॅनकडून मी तेरा किलोंची अपेक्षा धरली होती.

कर्करोगाचं विचाराल म्हणून एकाच दमात: त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेम 'कदाचित कर्करोगकारक' यादीत टाकलं गेलं, पण दिवसाला किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम राहिली. 70 किलोंच्या माणसाला ती ओलांडायला रोज नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायचंच, ती सूचना कॅनवर असते. आणि दात. साखर नसली तरी आम्ल असतं. माझ्या दंतवैद्यांनी एवढंच सांगितलं की घोट घोट तासभर पीत बसू नका.

बाबांच्या गोळ्यांवर दोन ओळी लिहायलाच हव्यात, नाहीतर ते रागावतील. बाबांना मधुमेह आहे आणि ती वर सांगितलेली शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागूच नाही. ते चहात सुक्रालोजची गोळी टाकतात. गरम चहात ती टिकते, हा तिचा अ‍ॅस्पार्टेमपेक्षा मोठा गुण. गोळी नको म्हणून एकदा पुड्या आणल्या, तर भुकटीत बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन निघालं, कारण खरा गोडवा इतका थोडा असतो की नुसता पुडीत दिसणारही नाही. ते पिष्टच, पण चिमूटभर. बाबांनी पुडी परत केली. हाताला गोळीच बरी, मोजता येते म्हणाले. मी त्यांचीच मुलगी.

सुक्रालोजची जन्मकथा बाबांना फार आवडते. 1976, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. शशिकांत फडणीस नावाच्या संशोधकाला साखरेपासून बनवलेलं एक क्लोरीनयुक्त रसायन तपासायला सांगितलं, म्हणजे 'टेस्ट' करायला. त्यांनी ऐकलं चाखायला, आणि चाखलं. साखरेच्या सहाशेपट गोड! मराठीत लिहिलं तर दोन्ही शब्द 'टेस्ट'च होतात, तेव्हा फडणीसांची चूक झालीच नाही, असं बाबांचं म्हणणं. प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालू नये हा नियम ते सोयीने वगळतात.

तर सध्याची व्यवस्था. संध्याकाळचा कॅन बंद, त्या जागी साधा सोडा, नुसते बुडबुडे. बुडबुड्यांचीच निम्मी सवय होती हे तेव्हा कळलं. दुपारचा कॅन आठवड्यातून दोनदा, तोही जेवणासोबत. जेवण समोर असलं की पुडा आठवत नाही. पहिले दहा दिवस कपाळ दुखलं, कॅफीन कमी झाल्यामुळे असणार. आज अठराव्या महिन्याच्या शेवटी 74.6. यातलं किती कॅनमुळे, किती झोपेमुळे आणि किती लिहून ठेवल्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही, आणि काढून दाखवतो म्हणणाऱ्याची वही मी आधी मागेन.

घ्यावा का? रोज साखरेचा कोला पीत असाल तर जरूर घ्या, गार करून घ्या, तारीख बघून घ्या. पाण्यावर भागत असेल तर कशाला? कार्यालयातल्या त्या चौघींपैकी दोघींना मी परत पाण्यावर आणलंय. तिसरी म्हणते, तुझं ऐकून एकदा फसले. चौथी मुळात साखरेचाच कोला पीत होती आणि मला डाएट सांगत होती.

या महिन्यात माझ्या नावावर सात कॅन आहेत. बिस्किटांसाठी वेगळा रकाना केलाय. तो लेकीला दाखवत नाही.