मतदार नोंदणीची सरकारी सेवा : फॉर्म सोपा, यादी अवघड

निवडणूक आयोगाची मतदार सेवा म्हणजे पोर्टल, मोबाइलवरचं ईसीआयनेट ॲप, १९५० ही हेल्पलाइन आणि या सगळ्याच्या शेवटी दारात येणारा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. एकत्र गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. पोर्टलला एकट्याला चार देता येतील. पालिकेच्या निवडणुकीला हाती येणारी प्रभागाची यादी मात्र वेगळ्या आयोगाचं काम आहे आणि तिला दीडच्या वर गुण देववत नाहीत.

मत वाया जातं ते बहुतेकदा मशिनपाशी नाही, त्याच्या कित्येक महिने आधी यादीत. 'एका मताने काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचे आकडे पुरेसे आहेत. २०२४च्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षीच्या विधानसभेत मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी. मुंबई महापालिकेत २०१७ साली प्रभाग २२०मध्ये दोघांना सारखीच मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला. एका सोसायटीची नावं शेजारच्या भागाच्या यादीत गेली तरी एवढा फरक सहज पडतो.

यादीचं वजन खरं कळतं ते दारूबंदीच्या मतदानात. २००८च्या शासन आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि मग उभी बाटली की आडवी बाटली असं गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, पण ती आलेल्या महिलांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांपैकी. समजा यादीत १,००० महिला आहेत आणि त्यातल्या १५० मयत तरी आहेत किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या. मग गावात प्रत्यक्ष असलेल्या ८५० जणींपैकी ५०१ जणी आडव्या बाटलीकडे वळवाव्या लागतात, म्हणजे जवळपास ५९ टक्के. आजारी, बाळंतीण आणि मजुरीला गेलेल्या वजा केल्या की हा डोंगर आणखी उंच होतो. यादीतलं प्रत्येक मेलेलं नाव इथे दुकानदाराच्या बाजूने मत टाकतं. म्हणून सह्यांची मोहीम सुरू करण्याआधी यादी घेऊन बसा, वाडीवार नावं वाचा, मयतांचे नाव वगळायचे फॉर्म ७ भरा आणि सासरी गेलेल्या मुलींना त्यांच्या गावातून पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायला सांगा. बायका सह्यांना उत्साहाने पुढे येतात. या कंटाळवाण्या कामाला कोणी बसत नाही आणि तिथेच पाणी मुरतं.

आता फॉर्मांकडे. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलंय किंवा दिव्यांग असल्याची नोंद करायची आहे, या सगळ्याला फॉर्म ८. नाव वगळायला किंवा एखाद्या नावावर हरकत घ्यायला फॉर्म ७. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो घर बदलणारे पुन्हा फॉर्म ६ भरतात म्हणून. पुण्यात आलेला सोलापूरकर नवा अर्ज करतो, जुनं नाव तिकडे तसंच राहतं आणि माणूस दोन्हीकडे 'दुबार' म्हणून अडकतो. फॉर्म ६मध्ये दुसरीकडे नाव नसल्याचं प्रतिज्ञापन असतं आणि ते जाणूनबुजून खोटं दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. फॉर्म ८ भरला, की जुन्या मतदारसंघातलं नाव निघतं आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. सासरी आलेल्या सुनेसाठीही हाच फॉर्म.

वयाची अट आता वर्षातून चार तारखांना पाहतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. २०२२पर्यंत फक्त १ जानेवारी होती. सतरा पूर्ण झालेल्यांचा अर्ज आगाऊ घेतात, त्यामुळे बारावीच्या मुलांनी अठराव्या वाढदिवसाची वाट पाहायचं कारण नाही.

ऑनलाइन फॉर्म ६ भरायला कागद जवळ असतील तर फार वेळ लागत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, जन्मतारखेचा एक पुरावा, पत्त्याचा एक पुरावा आणि प्रत्येक फाइल २ एमबीच्या आत. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर केलेला नुसता नोटरी करार यात बसत नाही आणि भाड्याने राहणाऱ्यांचे अर्ज इथे अडतात. घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक टाकायला विसरू नका, कारण त्यावरून नाव योग्य भागात, घरच्यांच्या शेजारी बसतं. तो नसेल तर एकाच घरातले नवरा-बायको दोन वेगवेगळ्या शाळांत मतदानाला जातात.

खरी गंमत आहे नावाच्या मराठी चौकटीत. इंग्रजीत नाव लिहिलं की शेजारी मराठी आपोआप उमटतं. Kale लिहिणाऱ्या काळ्यांचे 'काले' होतात, साठ्यांचे 'साथे' आणि दातारांचे 'डाटार'. 'ळ'चं तर यंत्राशी जुनं वैर दिसतं. ही चौकट हाताने सुधारता येते, पण बहुतेक जण तिकडे न बघता 'पुढे' दाबतात. मग नावाने शोधलं तर यादीत माणूस सापडत नाही, केंद्रावर आधार आणि यादी जुळत नाही, आणि दोन वेलांट्यांसाठी पुन्हा फॉर्म ८. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्याच चौकटीत पुढे लिहायचं आणि दुसरी चौकट फक्त आडनावाची, हेही लक्षात ठेवा.

सप्टेंबर २०२५पासून ऑनलाइन अर्जाला आधारची ई-सही लागते, म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. हा त्रास आहे, पण योग्य कारणासाठी आहे. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३च्या निवडणुकीआधी नावं वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते आणि पडताळणीत त्यातले फक्त २४ बरोबर निघाले. दुसऱ्याच्या नावाने असे अर्ज करणं ई-सहीमुळे अवघड झालं. उलट बाजू अशी, की आधारला जुनाच मोबाइल क्रमांक जोडलेला असेल किंवा आधारवरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळत नसेल तर घोडं तिथेच अडतं. अशा वेळी पोर्टलशी झटापट करू नका. छापील फॉर्म बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्या आणि पोच घ्या.

अर्ज गेल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो आणि चार टप्पे दिसतात : अर्ज दाखल, बीएलओ नेमला, प्रत्यक्ष पडताळणी, मंजूर किंवा नामंजूर. रखडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये. बीएलओ हा पूर्णवेळचा अधिकारी नसतो. तो शिक्षक असतो, अंगणवाडी सेविका असते, पालिकेचा कर्मचारी असतो आणि आपली नोकरी सांभाळून घरं फिरतो. दुपारी तीनला तुमच्या दाराला कुलूप दिसलं, शेजाऱ्याने 'कोण, माहीत नाही' म्हटलं, की शेरा पडतो आणि अर्ज नामंजूर. अर्ज केल्यावर बीएलओचं नाव पोर्टलवर बघून स्वतः संपर्क साधणं हा एकच खात्रीचा उपाय. ॲपमध्ये बीएलओचा फोन मागवायची सोय आहे, ती वापरा. मोठ्या संकुलात राहत असाल तर गेटवरच्या वॉचमनला बीएलओ येणार असल्याचं सांगून ठेवा. निम्मे अर्ज गेटवरूनच परत जात असतील तर नवल नाही.

नामंजुरीचा आदेश आला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, अपील करता येतं. तिथेही नाही झालं तर पुढच्या तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हा मार्ग फारसा कोणी वापरत नाही. लोक कंटाळून नवा फॉर्म भरतात आणि त्याच कारणाने पुन्हा आपटतात.

वेळेचा हिशेब मात्र निर्दय आहे. कायद्याने उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत नाव घालता येतं, पण प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने खरी मुदत आधीच संपते. २०२४ची विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारीची शेवटची तारीख २९ होती आणि नाव नोंदवण्याची १९. म्हणजे बातमी वाचून जागे झालेल्यांच्या हातात चार दिवस होते.

ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे, हा समज सगळ्यात महाग पडतो. कार्ड ही फक्त ओळख आहे, मताचा हक्क यादी देते. शोध घेताना नावाने घेऊ नका, ओळखपत्राच्या दहा अक्षर-अंकी क्रमांकाने घ्या. नावाने शोधण्यात वर सांगितलेले 'काले' आणि 'साथे' आडवे येतात. सापडलं की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. आयोगाने २०२५मध्ये एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ही मर्यादा आणली, आधी ती १,५०० होती. केंद्रं फुटणार आणि तुमची शाळा बदलू शकते.

आता त्या दीड गुणाच्या यादीबद्दल. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतःची मतदार यादी नसते. तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवतो आणि प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६च्या महापालिका मतदानासाठी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा पूर्ण झालेले आणि त्यानंतर पत्ता बदललेले, सगळे बाहेर. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण नवीन नाव घालायला नाही. प्रभाग चुकलाय, लेखनिकाची चूक झालीय किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळलंय, एवढ्याच मुद्द्यांवर. या फोडीत चूक झाली, तर रस्त्याची एक बाजू एका प्रभागात आणि दुसरी दुसऱ्यात असेल तिथे अख्ख्या गल्लीची गल्ली पलीकडे जाते. मग लोक आपल्या नाल्याचा आणि कचऱ्याचा राग भलत्याच नगरसेवकावर काढतात आणि ज्याच्यावर काढायचा तो सुखरूप निवडून येतो. हरकतींचे दिवस मोजकेच असतात. सोसायटीच्या सेक्रेटरीने त्या दिवसांत सगळ्या सभासदांची नावं एकत्र तपासून एकगठ्ठा हरकत द्यावी, एकेकट्याने धावण्यात अर्थ नाही. त्या वेळी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याची पद्धत आणली, ती चांगली आहे. तारा असलेल्याने कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून द्यायचं, नाहीतर केंद्रावर हमीपत्र भरून मत द्यायचं. तारा दिसला म्हणून घरी बसू नका.

पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, त्यासाठी फॉर्म १२डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. त्यांना ओळखपत्र मिळत नाही, मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष यावं लागतं आणि ही सेवा इथेच संपते. दुबईहून तिकीट काढून मत द्यायला किती जण येणार?

केंद्रावर मतदार चिठ्ठी ही ओळख म्हणून चालत नाही, सोबत ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेलं दुसरं फोटो असलेलं कागदपत्र हवंच. आणि 'तुमचं मत आधीच झालंय' असं ऐकावं लागलं तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ओळख पटली तर ती द्यावीच लागते, तुमची नोंद होते आणि मत वेगळ्या पाकिटात बंद होतं. ते मोजणीत धरत नाहीत. उपयोग होतो तो निकाल न्यायालयात गेल्यावर, आणि तोही होईलच असं नाही. मुंबई उत्तर-पश्चिमच्या ४८ मतांच्या निकालाविरुद्धच्या याचिकेत प्रदत्त मतांचा मुद्दा होता, मुंबई उच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४मध्ये फेटाळली. तरीही मतपत्रिका मागाच, कारण दुसऱ्याने तुमच्या नावावर मत टाकल्याचा तेवढाच सरकारी कागद तयार होतो.