बाळंतपणाच्या आगेमागे मन खचलं तर: फोनवरची एक आई, आयांचा गट की चॅट ग्रुप?

गरोदरपणात किंवा बाळ झाल्यावर मन थाऱ्यावर नसेल, तर त्याच त्रासातून गेलेल्या दुसऱ्या आईशी बोलून खूप हलकं वाटतं. पण बोलायचं कुठे? फोनवर ठरलेल्या एकीशी, समोरासमोर भेटणाऱ्या छोट्या गटात, की मोबाइलवरच्या ग्रुपवर?

मला विचाराल तर ओल्या बाळंतिणीनं फोनपासून सुरुवात करावी. टाके दुखत असतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं, घराबाहेर पडायचं म्हणजे डोंगर चढल्यासारखं वाटतं. फोनला बाळ एकदा पिऊन झोपलं की मिळणारी दहा मिनिटं पुरतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 701 नवमातांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्याजणींना नैराश्याचा धोका जास्त होता. निम्म्याजणींना नेहमीच्या सेवेबरोबरच, स्वतः या आजारातून बाहेर आलेल्या आया फोन करत होत्या. बाळ 12 आठवड्यांचं झालं तेव्हा फोन येणाऱ्यांपैकी सुमारे 14 टक्के जणींमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती, तर बाकीच्यांमध्ये सुमारे 25 टक्के. त्या आयांना प्रशिक्षण मिळालं होतं फक्त चार तासांचं! फोनचा एकच धोका: सगळी भिस्त एकीवर असते. सूर जुळला नाही, तर दुसरी आई मागून घ्यायला अजिबात संकोच करू नका.

गटाची ताकद वेगळी आहे. पहिल्या दोन भेटींत मी तोंडच उघडलं नव्हतं, नुसती बाळाचं दुपटं सारखं करत बसले होते. तिसऱ्या वेळी एकजण खाली बघत म्हणाली, "हा रडायला लागला की याला इथेच ठेवून निघून जावंसं वाटतं मला." कुणी दचकलं नाही. दोघींनी मान हलवली, आणि तिसरी "मलाही" म्हणाली ती मी होते. फोनवरच्या एकीनं समजून घेतलं की ती स्वभावानं चांगली आहे असं वाटतं. चौघींनी मान हलवली की आपण जगावेगळ्या वाईट आई नाही, हे आतून पटतं. म्हणून दिवस गेलेले असताना, अजून बाहेर पडणं जमतंय तोवर, गट शोधून ठेवा. तो चालवणारी प्रशिक्षित आहे का आणि इथलं बोलणं इथेच राहतं का, एवढं आधी विचारा.

चॅट ग्रुपवर रात्री अडीच वाजताही कुणीतरी जागं असतं, हे खरंच. पण तिथे गोळ्यांबद्दल कुणीही काहीही सांगतं, आणि दुसऱ्यांची रात्रभर झोपणारी बाळं बघून जीव आणखी कासावीस होतो. मी त्याच्यावर एकट्यावर विसंबणार नाही.

तिन्हींपैकी काहीही निवडलंत तरी उपचार त्याच्या जोडीनं चालू राहिले पाहिजेत. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपसूक ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते कदाचित नैराश्याची लक्षणं तपासणारी, 1987 पासून वापरात असलेली 10 प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली देतील. तिच्यात मागच्या 7 दिवसांचं विचारतात. भरताना "बरी आहे" असं दाखवायला जाऊ नका. आणि चालू असलेली गोळी कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून बंद करू नका.

हे घरच्यांसाठी: दर हजार बाळंतपणांमागे एखाद-दुसरीला फार गंभीर आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप नाही तरी थकवा नाही, नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय, असंबद्ध बोलणं. असं काही दिसलं, किंवा ती स्वतःला वा बाळाला इजा करण्याबद्दल बोलली, तर फोन आणि गट बाजूला ठेवा. लगेच रुग्णालय गाठा, आणि तोवर तिला क्षणभरही एकटं सोडू नका.