साबणाऐवजी सिन्डेट बार आणि सुगंधविरहित क्रीम: नाशिकच्या थंडी-उन्हातला अनुभव

संवेदनशील त्वचेसाठी दुकानात मांडलेल्या असंख्य वस्तूंपैकी मी आता तीनच ठेवल्या आहेत: अंघोळीला सिन्डेट बार (साबण नसलेली, सौम्य कृत्रिम घटकांची वडी), दोन वेळा लावायला सेरामाइड असलेले सुगंधविरहित क्रीम आणि फुटलेल्या जागांसाठी पांढरी पेट्रोलियम जेली. दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत यांचाच वापर केल्यामुळे नाशिकची थंडी आणि वैशाखातले ऊन या दोन्हींत त्यांचा उपयोग कितपत होतो, हे नीट पाहता आले. थंडीत पोटऱ्या उलणे, गाल लाल होऊन चुणचुणणे आणि कोपराच्या आतल्या बाजूला रात्री खाज सुटणे, असा माझ्या त्वचेचा स्वभाव आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला सौम्य एक्झिमा म्हटले आहे.

सर्वांत मोठा फरक क्रीमने नव्हे, तर साबण बंद केल्याने पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण 4.5 ते 5.5 पीएचचा असतो, तर नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 च्या घरात जातो. त्यामुळे मळाबरोबर वरच्या थरातली स्निग्धताही धुऊन निघते आणि अंग पुसताच कातडी ओढल्यासारखी होते. वेष्टनावरचा टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांच्या प्रमाणाचा, आकडा पाहून साबण घेण्याची सवय अनेकांना आहे आणि तो 76 टक्के किंवा अधिक असला की साबण पहिल्या श्रेणीचा ठरतो हे खरे. मात्र पहिल्या श्रेणीचा साबणही अल्कधर्मीच असतो. सिन्डेट बारमध्ये साबणाऐवजी सौम्य कृत्रिम घटक असतात, त्यामुळे त्याचा पीएच त्वचेच्या जवळपास ठेवता येतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी वापरावे लागते. त्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट पांढरा थर बादलीच्या कडेला धरतो आणि अंगावरही राहतो. बार सुरू केल्यावर बादलीची कड स्वच्छ राहू लागली आणि पोटऱ्यांवर नखाने रेघ ओढली की उमटणारी पांढरट रेषा थंडी संपण्याआधीच दिसेनाशी झाली.

क्रीमच्या बाबतीत ते कोणते घेतले याइतकेच ते केव्हा लावले, यालाही महत्त्व आहे. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात आटोपायची, पंच्याने अंग घासायचे नाही, टिपून घ्यायचे आणि कातडी ओलसर असतानाच क्रीम लावायचे. त्यातले ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि सेरामाइड हा त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असणारा स्निग्ध घटक आहे. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात, त्या दिवसांत केवळ क्रीम मला पुरले नाही; रात्री त्यावर टाचांना आणि कोपरांना जेलीचा पातळ हात फिरवावा लागला. जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही, म्हणून ती कोरड्या अंगावर एकटी लावण्यात फारसा अर्थ नाही.

उन्हाळ्यात मात्र हेच क्रीम मला जड वाटले. दुपारी मानेवर घाम आणि क्रीम मिळून चिकचिक होते, म्हणून एप्रिलपासून मी चेहऱ्याला त्याच प्रकारचे पातळ लोशन वापरले आणि बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावले. ते सावळ्या रंगावर पांढुरके दिसते, पण चुणचुणत नाही. गाडीवर बांधायच्या स्कार्फकडेही लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सांगेन: तो सुवासिक पावडरीत धुतला की गालांवर नेमक्या स्कार्फच्या कडेने लाली उठत असे. बिनवासाची पावडर आणि एक जादा खळबळणे यांनी ती थांबली.

खरेदी करताना ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. लव्हेंडर किंवा टी ट्री तेलानेही ॲलर्जी होऊ शकते. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकणारे सुगंधी द्रव्य असू शकते, म्हणून ‘फ्रेगरन्स फ्री’ असेच शब्द पाहावेत. नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला आठ-दहा दिवस लावून पाहिल्याशिवाय मी चेहऱ्याला लावत नाही. घरचे उटणे मला प्रिय असले, तरी त्यातला नागरमोथा आणि कपूरकाचरी भरड असल्यामुळे ते आता फक्त हातापायांना, तेही न घासता लावते. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उतरणाऱ्यांनी आधी अंगाला जेली किंवा खोबरेल चोळावे. रंग कातडीच्या बारीक भेगांत कमी मुरतो.

एका औषध दुकानात खाज सांगताच चिठ्ठीशिवाय क्लोबेटासॉलची ट्यूब पुढे करण्यात आली होती. हे तीव्र स्टेरॉइड आहे. अशी बाह्य लेपाची स्टेरॉइडे 2018 मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये कडकपणे आणली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. चेहऱ्यावर मनाने लावत राहिल्यास कातडी पातळ होते आणि थांबवताच लाली उसळते. चिघळणारी, स्रवणारी किंवा झोप मोडणारी खाज असेल, तर माझ्या या तिन्ही वस्तू पुरेशा नाहीत, तज्ज्ञांकडेच जावे.

बार साध्या साबणापेक्षा बराच महाग आहे आणि ओल्या साबणदाणीत लवकर विरघळतो, म्हणून जाळीच्या दाणीत ठेवावा लागतो. जेली अगदी स्वस्त आहे. क्रीम पुन्हा घेताना मी मोठी पंपाची बाटली घेईन. ट्यूबच्या तळाशी राहिलेला भाग कात्रीने कापल्याशिवाय निघत नाही.