पर्ल जॅमचे २००० सालचे अधिकृत बूटलेग: काही महिने ऐकल्यानंतर

आधी निकाल सांगतो. घ्यावेत का? जरूर घ्यावेत. पण एखादाच सुटा कार्यक्रम घेऊन थांबू नका. लागोपाठच्या रात्री घ्या आणि तारखेच्या क्रमाने ऐका, तरच या मालिकेचं खरं मोल कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पर्ल जॅम हा सिएटलचा रॉक बँड. त्यांच्या कार्यक्रमांची चोरून केलेली, कान किटतील अशी रेकॉर्डिंग, म्हणजेच बूटलेग, चाहते भरमसाट पैसे मोजून विकत घेत होते. त्यावर उपाय म्हणून बँडने २०००च्या दौऱ्यातले जवळपास सगळेच कार्यक्रम स्वतः रेकॉर्ड केले आणि स्वस्तात बाजारात आणले. सप्टेंबर २०००मध्ये युरोपातले २५ कार्यक्रम एका दिवशी आले, आणि पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतले. एकूण ७२. पहिल्या खेपेतले पाच अल्बम एकाच आठवड्यात बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या दोनशेत शिरले, असं त्याआधी कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं.

आवाजाबद्दल. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या आवाजांची जुळणी, ब्रेट एलियासनचा आहे आणि तो स्वच्छ आहे. जेफ अमेंटचा बेस सुटा ऐकू येतो, मॅट कॅमेरॉनच्या झांजा कर्कश होत नाहीत, दोन्ही गिटार एकमेकींत मिसळून त्यांचा लगदा होत नाही. हेडफोनवर ऐकताना याचा फार फायदा होतो. तक्रार एकच, आणि ती शेवटपर्यंत राहिली: प्रेक्षक फार मागे आहेत. हजारो माणसं गायक एडी वेडरबरोबर गात असणार हे कळतं, पण ती लाट अंगावर येत नाही. प्रेक्षकांत बसून केलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये जी ऊब असते, ती इथे कमी पडते.

काटछाट मात्र जवळजवळ नाही, आणि मला हे सगळ्यात आवडलं. शब्द चुकले तर चुकलेले राहू दिलेत. दोन गाण्यांमधलं बोलणं, तारा जुळवणं, सगळं जागच्या जागी आहे. नेहमीच्या लाइव्ह अल्बममध्ये दहा रात्रींतलं उत्तम तेवढं निवडून एक रात्र रचलेली असते. इथे जी रात्र जशी गेली तशीच मिळते. या बँडला ते परवडतं, कारण त्यांची गाण्यांची यादी रोज बदलते. ‘डॉटर’ हे गाणं घ्या. त्याच्या शेवटी बँड एक ठेका धरून ठेवतो आणि त्यावर वेडर त्या क्षणी सुचेल ते गातो: कधी दुसऱ्याच्या गाण्याची ओळ, कधी स्वतःचेच जुळवलेले शब्द. चार-पाच रात्रींचे फक्त हे शेवट ओळीने लावून ऐका. बाकीचे चौघे त्याच्या आवाजाकडे कान लावून कसे दबतात आणि कसे उसळतात, ते एका कार्यक्रमावरून कधीच लक्षात येणार नाही.

आता क्रमाने ऐकण्याचं मुख्य कारण. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात यांचा कार्यक्रम चालू असताना गर्दीत चेंगरून नऊ जणांचा जीव गेला. युरोपातले उरलेले कार्यक्रम रद्द झाले. ती रात्र या मालिकेत नाही, आणि नाही हेच योग्य. ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया बीचपासून बँड पुन्हा उभा राहिला, पण ‘अलाइव्ह’ हे त्यांचं सगळ्यात ओळखीचं गाणं अमेरिकेतल्या रात्रीमागून रात्री वाजतच नाही. नुसती यादी वाचून हे जाणवत नाही. ओळीने ऐकत गेलं की त्याची जागा रिकामी असल्याचं कानाला कळू लागतं. मग ६ नोव्हेंबरला, दौऱ्याच्या शेवटच्या रात्री, त्यांच्याच सिएटलमध्ये ते येतं. मी तिथवर क्रमाने आलो होतो, त्यामुळे ती पहिली गिटार ऐकल्यावर पुढचा काही वेळ मला दुसरं काहीच करता आलं नाही. तेच रेकॉर्डिंग आधी सुटं ऐकलं होतं, तेव्हा ‘छान वाजवलंय’ एवढंच वाटलं होतं.

२२ ऑक्टोबरचा लास व्हेगासही चुकवू नका. बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती, आणि अमेंट व गिटारवादक स्टोन गॉसर्ड यांच्या आधीच्या बँडचं, मदर लव्ह बोनचं, ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ पर्ल जॅमने त्या रात्री पहिल्यांदा वाजवलं. त्या बँडचा गायक अँड्र्यू वुड १९९०मध्ये गेला. हे माहीत असेल तर त्या गाण्यातली सावध सुरुवात वेगळीच ऐकू येते.

किरकोळ गोष्टी: साध्या तपकिरी पुठ्ठ्याची पाकिटं दिसायला झकास, पण सीडी काढता-घालता कडा लवकर झिजतात. फाइली ऐकणार असाल तर दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारं प्लेअर आधी शोधा. माझ्या जुन्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या मध्येच तुटायच्या आणि सगळा रंग जायचा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पोलंडमधल्या कातोवीत्सेच्या १५ आणि १६ जूनच्या दोन रात्री घ्याव्यात. जागा तीच, बँड तोच, आणि तरी दोन वेगळे कार्यक्रम. त्या आवडल्या तर इटलीतलं २० जूनचं व्हेरोना, मग थेट ऑगस्ट, आणि तिथून सिएटलपर्यंत जमतील तेवढ्या रात्री. त्यानंतर २००३च्या दौऱ्याकडे वळा. मी सध्या तिथेच आहे.