मॅटपॉवर की पँडापॉवर: खर्चाची ओळ कुणाच्या नावावर?

दर पावसाळ्यात एम.टेक.चा एखादा तरी विद्यार्थी विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात येतो आणि विचारतो, "सर, प्रोजेक्टला मॅटपॉवर घेऊ की पँडापॉवर?" दोन्ही वीजजाळ्याचं गणित करणारी सॉफ्टवेअर. मी दोन्हींवर बरीच वर्षं काढली आहेत. नुसत्या लोड फ्लोपुरतं, म्हणजे जाळ्यात कुठून किती वीज वाहते एवढ्यापुरतं म्हणाल तर डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. फरक कळतो तो ऑप्टिमल पॉवर फ्लो (कुठल्या यंत्राने किती वीज केली तर सगळ्यांत स्वस्त पडेल याचं गणित) चालवायला घेतल्यावर, म्हणजे जनरेटरच्या मर्यादा आणि खर्च भरायला बसलं की.

तशी दोघं भाऊबंदच. मॅटपॉवर कॉर्नेल विद्यापीठातलं, नव्वदच्या दशकातलं. त्याचं पायथनमधलं रूप म्हणजे पायपॉवर, आणि त्या पायपॉवरच्या पायावर कासेल विद्यापीठ व फ्राउनहोफर संस्थेच्या मंडळींनी पँडापॉवर उभं केलं. गणित सोडवण्याची रीत बरीचशी एकच, इंटिरिअर पॉइंट. मॅटपॉवर मूळचं मॅटलॅबसाठीचं, पण मॅटलॅबचं लायसन्स परवडत नाही ही सबब चालत नाही, कारण ते ऑक्टेव्ह या मोफत पर्यायावरही चालतं. माझं सुरुवातीचं सगळं काम ऑक्टेव्हवरच झालं.

आता मॅटपॉवरवरून माझं मन कुठे उडालं ते सांगतो. मॅटपॉवरमध्ये जनरेटरचा एक तक्ता असतो आणि खर्चाचा दुसरा, जेनकॉस्ट. या दोघांना जोडणारं कुठलंही नाव किंवा नंबर नसतो. पहिल्या तक्त्यातली तिसरी ओळ म्हणजे दुसऱ्यातली तिसरी ओळ, एवढाच काय तो करार. त्यातून खर्चाच्या तक्त्यात एखादी ओळ तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांची आणि एखादी बहुपदीची असली, की एकाच स्तंभातल्या आकड्याचा अर्थ ओळीगणिक बदलतो. त्यामुळे डोळ्यांनी चूक पकडणं जवळपास अशक्यच.

मी एका साखर कारखान्याच्या को-जनचा (वाफेबरोबरच केलेल्या वीजनिर्मितीचा) अभ्यास करत होतो. जाळं छोटंच होतं: कोयनेची जलविद्युत सगळी मिळून एक सममूल्य जनरेटर म्हणून, दोन औष्णिक, आणि कारखान्यांचे टर्बाइन. बस (जाळ्यातले जोडबिंदू) नंबर वाकडेतिकडे दिसत होते म्हणून एक्सेलमध्ये जनरेटरचा तक्ता बस नंबरप्रमाणे सॉर्ट केला. जेनकॉस्टची शीट वेगळी होती, ती तशीच राहिली. ओळींची संख्या तेवढीच, त्यामुळे चूक दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तर झटकन जुळलं. मी त्याचे आलेख काढले, अहवालाची दोन प्रकरणं लिहिली, प्रिंट काढून कारखान्यात नेली. तिथल्या को-जन मॅनेजरनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "साहेब, आमचा टर्बाइन तुमच्या कागदावर फुकटात फिरतोय. बगॅस तुम्ही आणून देणार काय?" बगॅस म्हणजे उसाचं चिपाड, तिथलं इंधन. कोयनेच्या पाण्याचा खर्च कारखान्याला चिकटला होता आणि कोयना कोळशाच्या भावाने चालली होती. दहा-बारा दिवसांचं काम पाण्यात गेलं. चूक माझीच, नाही म्हणत नाही. पण अशी चूक इतक्या शांतपणे पचवणारं हत्यार हातात असावं का, हा प्रश्न त्या दिवशी पडला तो पडलाच.

पँडापॉवरमध्ये खर्च स्वतंत्र तक्त्यात असतो, पण प्रत्येक ओळीत तो कुणाचा ते लिहिलेलं असतं: जनरेटर क्रमांक अमुक, किंवा बाहेरची ग्रिड, किंवा लोड. सॉर्ट करा, उलटा करा, काही बिघडत नाही. वर्गाचा, एकघाती आणि स्थिर सहगुणक नावानिशी वेगळे भरायचे, त्यामुळे कुठला आधी लिहायचा ही भानगड नाही. नावांत युरो येतो, त्याला विद्यार्थी दरवेळी हसतात. आपण रुपये भरायचे, सॉफ्टवेअरला चलनाशी देणंघेणं नाही. घसरायला इथेही जागा आहे म्हणा. एकदा मी शेवटचा जनरेटर तक्त्यातून थेट काढून टाकला. त्याची खर्चाची ओळ मागे राहिली आणि नव्या जनरेटरला नेमका तोच क्रमांक मिळाला. पण त्याला खर्च लावायला गेलो तेव्हा 'या जनरेटरला खर्च आधीच आहे' म्हणून त्याने अडवलं. अर्ध्या तासात निस्तरलं.

पँडापॉवरची खरी खोडी वेगळी आहे. स्टॅटिक जनरेटर (व्होल्टेज न सांभाळता ठरलेली वीज देणारा) म्हणून मांडलेल्या यंत्राला तुम्ही किमान-कमाल मर्यादा दिल्यात, पण 'नियंत्रणात आहे' ही खूण लावायची राहिली, तर त्या मर्यादा तो जमेस धरत नाही. पवनचक्क्या अशाच मांडल्या जातात, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठाराचं मॉडेल करणाऱ्यांनी जपून. जुने कोड उचलणाऱ्यांनीही जपून, कारण २.० आवृत्तीपूर्वी तिथे किलोवॅट चालायचे आणि निर्मिती उणे चिन्हाने लिहायची.

किमान मर्यादेच्या बाबतीत मात्र मॅटपॉवर सरस वाटतं. कारखान्याच्या बॅक-प्रेशर टर्बाइनचा पीमिन (किमान निर्मिती) हा काही खर्चाचा हिशेब नसतो. गाळप चालू आहे तोवर रसाला वाफ लागते आणि ती टर्बाइनमधून जाऊनच पुढे जाते. औष्णिक संचाचं तसं नाही, तिथे संच बंद ठेवणंच स्वस्त पडू शकतं. साधा ऑप्टिमल पॉवर फ्लो चालू संचाला शून्यावर आणूच शकत नाही. मॅटपॉवर पीमिनवर अडकलेले संच एकेक बंद करून बघण्याची सोय देतं. हमखास सर्वोत्तम उत्तर मिळतं असं नाही, आणि जेनकॉस्टमध्ये सुरू-बंद करण्याच्या खर्चाचे रकाने असूनही तो खर्च इथे धरला जात नाही. तरी काम भागतं. पँडापॉवरमध्ये हे लूप लिहून स्वतः करायचं.

जनरेटरचा डी-वक्रही (मेगावॅट आणि रिअॅक्टिव्ह पॉवर यांची मिळून हद्द) मॅटपॉवरमध्ये तिरप्या कडांनी छाटता येतो. पँडापॉवरच्या मी वापरलेल्या आवृत्तीत आयतावरच भागवावं लागलं. आमच्यासारख्या कामात त्याने फार फरक पडला नाही, पण तुमचा विषयच रिअॅक्टिव्ह पॉवर असेल तर हा मुद्दा जड ठरेल.

आणखी एक मान्य करतो. उत्तर जुळलं नाही तर पँडापॉवर 'जुळलं नाही' एवढंच सांगून गप्प. जुळलं तरी बसवरच्या विजेची किंमत तक्त्यात मिळते, पण पीमॅक्स (कमाल निर्मिती) एक मेगावॅटने वाढवला तर ताशी किती वाचेल, ही जनरेटरच्या मर्यादेची शॅडो प्राइस निकालाच्या तक्त्यात नसते. आत खोलवर हात घालून काढावी लागते. मॅटपॉवर ती समोर छापतं. म्हणून अडलं की मी जाळं मॅटपॉवरच्या रूपात बदलून घेतो (ती सोय पँडापॉवरमध्येच आहे) आणि ऑक्टेव्हमध्ये चालवून कुठली मर्यादा ताणली आहे ते बघतो.

कोयनेच्या पाण्यापुढे दोघंही सारखीच हतबल. धरण सातारा जिल्ह्यात, मोठी वीजगृहं सह्याद्रीच्या पल्याड, धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह धरून एकूण १,९६० मेगावॅट. पाण्याला पैसे पडत नाहीत म्हणून खर्च शून्य भरलात, तर सॉफ्टवेअर तासन् तास पीमॅक्सवर चालवेल. पण पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, आणि एका तासाचं गणित सोडवणाऱ्याला मे महिना दिसत नाही. मग पाण्याला अंदाजाने किंमत लावायची. मी शिल्लक कोटा बघून ती औष्णिक संचांच्या मधे कुठेतरी बसवतो, आणि ती का लावली हे अहवालात लिहितो. वर्षभराचं पाणी खरोखर वाटायचं असेल तर पायपीएसए हे तिसरं सॉफ्टवेअर बघा. तिथे जनरेटरला मुदतीतल्या एकूण ऊर्जेची कमाल मर्यादा देता येते. ते गणित रेषीय असतं, व्होल्टेजचे प्रश्न त्यात सुटत नाहीत, पण पाण्याचा हिशेब तरी लागतो.

यंदाच्या विद्यार्थ्याने माझं सगळं ऐकून शेवटी मॅटपॉवरच घेतलं. त्याच्या गाइडना पायथन येत नाही, आणि व्हायव्हा त्यांच्यासमोरच द्यायची आहे. हेही कारण काही लहान नाही. जाताना त्याला एवढंच सांगितलं, की प्रोजेक्ट संपेपर्यंत एक्सेलमधल्या सॉर्टच्या बटणाला हात लावायचा नाही.