शाडूची गोणी: विद्यार्थ्याच्या शिल्पाला कुठवर पुरते?

गणपतीच्या दिवसांत सहज मिळणारी शाडूची सुकी भुकटी कला महाविद्यालयांतले अनेक विद्यार्थी प्रोजेक्टसाठी घेतात. माती म्हणून ती उत्तमच आहे. पोत मऊ, आणि कोरणीने काढलेली पापणीची कड जशीच्या तशी राहते. मात्र सगळ्याच मापांना ती साथ देत नाही, त्यामुळे काय घडवायचं ते गोणी आणण्याआधी ठरवा.

तिचा मोठा दोष आकसण्याचा. वाळताना माती आकसते, आतला तारेचा सांगाडा आकसत नाही. मग थर पातळ असतो तिथेच भेग जाते: घोटा, मनगट, मान. कापूस किंवा कागदाचा लगदा मळून घातला तर भेगा कमी होतात, थांबत नाहीत. शिल्प शाडूतच ठेवायचं असेल तर बिनसांगाड्याचं, बैठं, हातपाय धडाला लागून असलेलं करा. फूटभर उंची पुष्कळ झाली. हात पसरलेली उभी आकृती हवी असेल तर माती शेवटपर्यंत ओली राखून साचा घेण्यावाचून इलाज नाही.

व्यक्तिशिल्पात घोळ होतो तो मापाचा. पूर्ण मापाचा, म्हणजे खऱ्या माणसाएवढं करण्याचा, मोह समजण्यासारखा आहे. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांची सिमेंटमधली शिल्पं पाहिली की तो होतोच. पण हनुवटीपासून टाळूपर्यंत 22-23 सेंटिमीटरचं डोकं मानेसकट करायला ओली माती 10 ते 12 किलो लागते, आणि ती तोलणारा पाइप व फळीही तितकीच भक्कम हवी. माप निम्मं केलं की माती आठव्या हिश्शावर येते खरी, पण पापणी मिलिमीटरभर उरते आणि बोटांनी काम करताच येत नाही. पहिल्या व्यक्तिशिल्पाला आमची पसंती दोन तृतीयांश मापाला: 15 सेंटिमीटरचं डोकं, साडेतीन किलोच्या आसपास माती, आणि अंगठा अजून गालावर फिरतो.

या मातीचं खरं सोनं होतं ते उठावशिल्पात. 30 बाय 40 सेंटिमीटरची प्लायची फळी घ्या, तिला आधी ऑइलपेंटचा हात द्या, नाहीतर प्लाय मातीतलं पाणी ओढून फुगतो. खिळे ठोकून त्यांत तार गुंफा. ती नसेल तर फळी उभी करताच माती घसरते. दोन सेंटिमीटर पार्श्वभूमी आणि वर तीनेक सेंटिमीटर उठाव, एवढ्याला सहा किलो माती पुरते. कडा आत वळू दिल्या नाहीत तर साचा एकाच तुकड्यात निघतो.

साच्याला एक लिटर पाण्यामागे सव्वा ते दीड किलो प्लास्टर धरा. साचा फोडून आतलं ओतीव शिल्प काढायचं असेल तर साच्याच्या पहिल्या पातळ थरात नीळ घाला, म्हणजे छिन्नी निळ्यापर्यंत पोचली की हात हलका करायचा हे कळतं.

भुकटी भिजवताना आधी पाणी घ्या, मग भुकटी सोडा. उलट केलं की गुठळ्या होतात. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी घालून दिवसभर मुरू द्या, मग मळा. काम थांबवताना ओलं सुती कापड आणि वर प्लास्टिक. भट्टीत भाजायचं शिल्प असेल तर मात्र ही गोणी घेऊ नका, कुंभाराकडची चाळलेली लाल माती आणा.