शिकाऊ बासरी आणि सोबतचं 'केअर किट': बासरी घ्या, किट राहू दे

बासरी आणि तिच्यासोबत केअर किट असा सेट ऑनलाईन मागवलेला, वर्ष होत आलं, बेळगावचा एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा काढलाय तिनं, म्हणून आता लिहालोय, नाहीतर पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देणारे ढीगभर आहेत. कंपनीचं नाव टाकत नाही, असलेच सेट बऱ्याच नावांनी विकायला आहेत.

बासरी पांढरी एक पट्टीची, म्हणजे सी नॅचरल मीडियम, साधारण १९ इंच. सुरुवातीला हीच साईज बरी. बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब बासरी शास्त्रीय बैठकीत आणली ती ऐकून बरेच जण पहिल्याच फटक्यात ३० इंची मागवतात आणि मग बोटं पोचत नाहीत म्हणून ती कपाटावर जाते. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, हातात काही आलं की माप घ्यायला व्हर्नियर लावायची खोड, तर लावला. बांबूच्या भिंतीची जाडी एका टोकाला अडीच एमएम, दुसऱ्या टोकाला तीनच्या वर. पण बांबू आहे ओ, लेथवर टर्निंग केलेला जॉब नाही, एवढा फरक असणारच. भोकांच्या कडा साफ, कुठं कुसळ नाही, फुंकायच्या भोकाची कड तर एकदम नीट होती आणि आवाज सगळा त्या कडेवर असतो. ती कड नखानं, पिननं, पॉलिश पेपरनं खरवडायची नाही, मळ बसला तर ओलसर कापड बोटाला गुंडाळून पुसायचं, बास. सूर मोजायच्या ट्यूनर ॲपवर डिसेंबरात सकाळी सगळेच सूर उतरलेले दिसतील, त्याला कंपनी काय करणार? गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो, डिग्रीमागं सेकंदाला ०.६ मीटर धरा. सगळी भोकं बंद करून थोडा वेळ नुसती गरम हवा आत सोडा, सूर येतो जागेवर.

आता किट. यात एक तेलाची बाटली, एक ब्रश, एक पिवळं कापड आणि रेक्झिनचं कव्हर. कापड ठीक आहे. बाकीचं सांगतो.

तेलाच्या बाटलीवर कसलं तेल ते लिहिलेलंच नाही, वास गुलाबाचा. असलं अनोळखी तेल जिथं ओठ लावायचे तिथं कशाला? बासरीवाले पहिल्यापासून मोहरीचं तेल लावत आलेत, किराणा दुकानात छोटी बाटली मिळते, एकदा आणली की संपता संपत नाही. खोबरेल घरात असतंच म्हणून लावू नका, २४ डिग्रीच्या खाली ते गोठतं आणि आपल्याकडं थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही, तेच बासरीच्या आत बसलं तर? तेल म्हणजे ओतायचं नाही, कापडाला चार थेंब, आतून पातळ हात फिरवायचा, रात्रभर बासरी आडवी ठेवायची आणि सकाळी जादा असेल ते पुसून काढायचं. बांधलेल्या दोऱ्यावर आणि फुंकायच्या बाजूला आत बसवलेल्या बुचावर तेल नको. नवी असताना आणि जानेवारी ते मे महिन्यातून एकदा, पावसाळ्यात तेवढीही गरज पडत नाही.

ब्रश मात्र फेकूनच द्या. पीळ दिलेल्या तारेचा आहे, तारेचं टोक उघडं, आत घातला की बांबूवर चरा पडतो, मी टॉर्च मारून बघितलंय. आणि दुसरं म्हणजे तो सरळ जाऊन बुचावर आदळतो. ते बूच नुसतं भोक बुजवायला लावलेलं नसतं, फुंकायच्या भोकापासून त्याचं अंतर जुळवलेलं असतं, ते सरकलं की वरच्या सप्तकाचे सूर खालच्याशी जुळत नाहीत आणि आपण उगीच स्वतःच्या फुंकेला शिव्या घालत बसतो. त्यापेक्षा एक गुळगुळीत काठी, तिला जुन्या धोतराची पट्टी, बूच कुठं आहे ते बाहेरून बघून काठीवर पेनानं खूण करायची, खुणेच्या पुढं जायचं नाही. वाजवून झालं की उघडं टोक खाली करून पाणी निथळू द्यायचं आणि काठी एकदा फिरवायची. नळाखाली धरायची नाही, साबण तर नाहीच नाही.

रेक्झिनचं कव्हर जुलैत दगा देतं. आमचं घर टिळकवाडीत, तिथं आठवडा आठवडा ऊन नाही, भिंतीला ओल, कव्हरात हवा खेळत नाही, आतून पांढरी बुरशी धरली, बासरीच्या दोऱ्यावर पण ठिपके आले. खानापूर, जांबोटीकडच्या लोकांनी तर ते कव्हर उघडूच नये. बायकोनं जुन्या सुती साडीची पिशवी शिवून दिली, तीच वापरालोय. पिशवीत बारीक पिठासारखं पडलेलं दिसलं आणि बासरीला टाचणीएवढं भोक दिसलं तर किडा लागलाय समजा, ती लगेच दुसऱ्या बासऱ्यांपासून लांब ठेवा. माझ्या बासरीला अजून तरी नाही.

तडा जायचा धोका पावसात कमी, नंतर जास्त. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं की बांबूतली ओल झपकन जाते, बाहेरची साल आणि आतला गाभा सारखा आकसत नाही आणि उभी चीर जाते, दोरे बांधलेले असतात ते त्यासाठीच, शोभेला नव्हे. या बासरीला दोरा पाच ठिकाणी आहे, घट्ट आहे, हा मोठा प्लस पॉईंट. गाडीच्या डिकीत, खिडकीत, फ्रिजवर, पंख्याखाली ठेवायची नाही. टोकाला बारीक चीर दिसली तर तिच्यात फेविक्विकचे थेंब सोडून वर नायलॉन दोरा आवळून बांधला की चालतं. चीर फुंकायच्या भोकातून गेली असेल तर मात्र दुसरी बघा.

एवढं सगळं जमणार नाही म्हणणाऱ्यांनी पीव्हीसी पाईपची घ्यावी, तडा नाही, किडा नाही, धुतली तरी चालते, शिकवणारे सर नाक मुरडतात पण बोटं बसवायला काही वाईट नाही. फक्त बेळगावातल्या वडगावच्या मंगाई यात्रेत फुगेवाल्याकडं मिळते तिच्यावर पोराला शिकवायला बसू नका, ती खेळणं म्हणून ठीक, सा कुठं आणि रे कुठं याचा पत्ता नसतो. डावखुऱ्या पोरांसाठी वेगळी मागवायची गरज नाही, सहा भोकं एका रेषेत आहेत, उलटी धरली की झालं.

मागवताना अजून एक करा, पेजवर खाली 'किटसह' असं आधीच टिक केलेलं येतं, ते काढा, सव्वाशे रुपये कमी होतात. आणि मे महिन्यात पार्सल आलं तर लगेच फुंकू नका, कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून आलेली असते, एक रात्र घरात पडू दे.